मोमियाईपासून मोबाइलपर्यंत

लहानपणी भर दुपारी उन्हात खेळायला निघालो की दादी ओट्यावरून हाक मारायची, "मत जा रे बाहर, मोमियाईवाला पकडके ले जाएंगा." हा मोमियाईवाला आम्ही कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याचं काम आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तो पोरांना पोत्यात घालून नेतो, उलटं टांगतो, खाली जाळ करतो आणि डोक्यातून ठिबकणारं तेल कढईत धरतो. त्या तेलाची मोमियाई होते आणि ती साहेब लोकांच्या जखमांना लावतात. कुठले साहेब, असं विचारलं तर दादी म्हणायची, "मुंबईचे." दादीचे वडील ऐन जवानीत मुंबईला गिरणीत होते. मोठी साथ आली तेव्हा थोडं रेल्वेनं, थोडं पायी करत ते येवल्याला परतले आणि पुन्हा गेले नाहीत. मोमियाई आमच्या घरात आली ती बहुधा त्यांच्याच बोचक्यातून.

बी.ए.ला मला इतिहास होता. त्या पुस्तकांत व्हाइसरॉय होते, कायदे होते, पण मोमियाई नव्हती. ती मला फार उशिरा भेटली, मुंबईच्या प्लेगविषयी वाचत असताना. दादीची गोष्ट छापील पानावर पाहून मी दचकलोच. जिला आम्ही पोरांना घाबरवायची भाकडकथा समजत होतो, त्या अफवेपायी हजारो माणसांनी दवाखान्याकडे पाठ फिरवली होती. २०२० साली करोना आला, हातातल्या मोबाइलवर दिवसाला शंभर निरोप येऊ लागले, तेव्हा मला दादीची आठवण झाली. आज मी बोलणार आहे ते या दोन साथींविषयी, आणि थोडंसं स्वतःविषयी. ते सांगायला जड जातं, पण ते वगळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. शहराची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. ऑक्टोबरमध्ये महापालिकेनं हुकूम काढला. रोग्याला, गरज पडली तर जबरदस्तीनं, दवाखान्यात न्यायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं. मग चाळींची कौलं उतरवली जाऊ लागली, खोल्यांत कार्बोलिकचे फवारे सुरू झाले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' ही अक्षरं रंगवली गेली. ती अक्षरं वाचता न येणाऱ्यांनाही त्यांचा अर्थ बरोबर कळत होता.

अफवांनी जोर धरला तो याच दिवसांत. दवाखान्यात माणसांची मोमियाई काढतात. डॉक्टर बाटलीतून विष पाजतात. त्याच महिन्यात मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं; त्याचा सूड म्हणून राणीनं माणसांची काळजं मागवली आहेत, असंही लोक बोलू लागले. ऑक्टोबर संपायच्या आत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. हे रुग्णालय म्हणजे चिंचपोकळीचं आजचं कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे सुरुवातीचे रुग्ण याच रुग्णालयात दाखल झाले.

लोक अडाणी होते म्हणून त्यांचा विश्वास बसला, असं साहेबांनी लिहून ठेवलं आणि आपणही तेच म्हणत आलो. मला ते पटत नाही. त्या काळच्या एखाद्या चाळकऱ्यानं डोळ्यांनी काय पाहिलं असेल, याचा विचार करा. शेजारचा माणूस गाडीत घालून नेला. दोन दिवसांनी तो मेल्याची खबर आली. दुसरा नेला, तोही मेला. प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं, आणि लोक आजारी माणसाला लपवून अगदी शेवटच्या घटकेला बाहेर काढत, त्यामुळे दवाखान्यात पोचणारे बहुतेक मरणारेच असत. 'दवाखान्यात जातो तो परत येत नाही' हे वाक्य त्यानं पाहिलेल्या गोष्टींशी जुळत होतं. कारण तेवढं खोटं होतं. खोट्या निरोपाच्या आत खऱ्याची एक गाठ असते आणि ती गाठ असते म्हणूनच तो टिकतो.

परिणाम व्हायचा तोच झाला. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, कोठारात लपवले. मयत झाली तर ताप आला होता हे सांगायचं टाळलं. आणि लोक पळाले. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली होती. पळणाऱ्यांबरोबर रेल्वेतून प्लेग गेला आणि मोमियाईही गेली. वर्तमानपत्रं होती, ती मोठ्यानं वाचून दाखवली जात; त्यांतही 'असे बोलतात की' म्हणून बरंच काही छापून येई. पण खरी वाट माणसाच्या तोंडाची. ज्यानं निरोप आणला तो आपला आहे की परका, एवढंच लोक बघत होते.

सरकारला हे कळायला बराच वेळ लागला. आधी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच कायद्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं करोनाचे नियम लागू केले. पुण्यात रँडसाहेबांची प्लेग समिती आली, गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. पुढची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. त्या मानानं मुंबईच्या मदनपुऱ्यात ९ मार्च १८९८ ला काय झालं, ते कमी माहीत आहे. तिथं विणकरांची, जुलाह्यांची वस्ती होती. तपासणी पथकानं एका घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला आजारी म्हणून न्यायचं ठरवलं. घरच्यांनी अडवलं, गल्ली गोळा झाली, दगड आले, गोळीबार झाला. माणसं मेली. चिडलेल्या जमावानं दोन गोरे सैनिक ठार केले. शहरात हरताळ पडला. त्यानंतर सरकारनं धोरण मऊ केलं. वस्तीतली वजनदार माणसं बरोबर घ्यायची, जातीजमातींना आपापली इस्पितळं चालवू द्यायची, बाईला बाईनं तपासायचं, असा शहाणपणा हळूहळू आला. मुडदे पडल्यावर आला, हे मात्र विसरता येत नाही.

मदनपुऱ्याचे हे विणकर मूळचे उत्तरेकडचे. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळात ज्यांनी गाव सोडलं, त्यातले काही मुंबईला थांबले, काही भिवंडीला, आणि बरेचसे आमच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला. माझी सासुरवाड मालेगावची. बायकोच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या माग. आधी हातमाग, मग यंत्रमाग. म्हणजे १८९८ च्या त्या गल्लीचे आणि २०२० च्या मालेगावच्या गल्लीचे लोक नात्यागोत्यानं लांबचे का होईनात, एकाच धाग्यातले.

एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मालेगावात करोनाचे पहिले रुग्ण सापडले. ज्यांनी ते शहर पाहिलं आहे त्यांना काय वाढून ठेवलं होतं ते लगेच समजेल. दहा बाय बाराची खोली, आत आठ-दहा माणसं, जागा पुरत नाही म्हणून पाळीपाळीनं झोपणारी. माग बंद, मजुरी बंद. बहुतेक खाजगी दवाखान्यांनी भीतीनं दारं लावून घेतलेली. मधुमेहाचे, दम्याचे, हृदयविकाराचे रोगीही दारोदार फिरत होते. कब्रस्तानातल्या दफनांची संख्या आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी वर गेली. त्यातले किती करोनाचे आणि किती नुसत्या बंद दारांचे, हा हिशेब मागे राहिला.

अशात घरोघर सर्वेक्षणाची पथकं फिरू लागली. नाव काय, घरात किती माणसं, वय काय. चार महिन्यांपूर्वीच देशभर नागरिकत्वाच्या कायद्यावरून आंदोलनं झाली होती. हातात फॉर्म घेतलेला माणूस दारात उभा राहिला की लोकांना आजार आठवत नव्हता, ते कागद आठवत होते. काही घरांनी दारं उघडली नाहीत. इंदूरला तर १ एप्रिललाच टाटपट्टी बाखल या मोहल्ल्यात आरोग्य पथकावर दगडफेक झाली. धडधाकट मुसलमानांना उचलून नेतात आणि सुई टोचून मारतात, अशा चित्रफिती तिथं मोबाइलवर फिरत होत्या. मोमियाईच ती, फक्त कढईच्या जागी सुई. त्या पथकात दोन डॉक्टर बायका होत्या, त्यांतली एक मुसलमान. दोघीही दुसऱ्या दिवशी परत कामावर गेल्या. दगडांची चित्रफीत देशभर पोचली, पण या बायका परत गेल्या हे किती जणांच्या मोबाइलवर आलं?

उलट्या दिशेचे निरोपही होतेच. दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलीगच्या जमावातून लागण पसरली, हे खरं होतं. त्या गाठीभोवती जे विणलं गेलं ते खोटं होतं. फळांना थुंकी लावणाऱ्या माणसाची एक जुनी चित्रफीत नवी म्हणून फिरली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती आली तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवून दिला. भाजीवाल्याला नाव विचारलं जात होतं. पुढं २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचं निरीक्षण नोंदवलं. तोवर उन्हाळा संपला होता. आरोग्याच्या दृष्टीनं या विखाराचं नुकसान असं, की ताप आलेला माणूस तपासणीला जायला कचरू लागला. आजारी पडणं म्हणजे आरोपी होणं, असं वाटलं की माणूस खोकला उशीत दाबतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

ते पहिले तीन-चार महिने आठवून पाहा. कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो, या निरोपानं फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातले कुक्कुटपालन करणारे शेतकरी बुडाले. काहींनी जिवंत पिलं खड्ड्यात पुरली. इराणात दारूनं विषाणू मरतो म्हणून विषारी मद्य प्यायलेली शेकडो माणसं दगावली. थाळ्यांच्या नादाच्या कंपनांनी विषाणू मरतो, हेही मला चांगल्या शिकलेल्या माणसानं पाठवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं या प्रकाराला माहितीची साथ म्हटलं. एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं, अनेकदा पुढं गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी अट घातली. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. ती खूण मला तेव्हा माहीत होती. तरीही.

आता माझी गोष्ट.

रमजान सुरू व्हायच्या आठवड्यात मला एक आवाजी निरोप आला, उर्दूत, दोनेक मिनिटांचा. बोलणारा घाबरलेला होता, किंवा घाबरल्याचं सोंग करत होता. सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, चांगल्या माणसाला सुई देतात, मयत घरच्यांना दाखवत नाहीत, काहीही झालं तरी घरातच थांबा, असं तो सांगत होता. मी तो दोनदा ऐकला. माझा विश्वास बसला का? नाही. अविश्वास होता का? तसंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्या दिवसांत बातम्या बघून मी इतका चिडलेलो होतो, इतका एकटा पडलेलो होतो, की आपल्या माणसांना काहीतरी पाठवणं हीच एक कृती हाताशी होती. सासरच्या ग्रुपवर मी तो निरोप टाकला आणि खाली लिहिलं, 'खरं-खोटं अल्लाह जाणे, पण सांभाळून राहा.'

या ओळीबद्दल मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. 'असे बोलतात की' ही १८९६ सालच्या वर्तमानपत्रांची ओळ आणि माझी ओळ यांत काहीच फरक नाही. जबाबदारी वर ढकलायची आणि निरोप खाली ढकलायचा.

बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणायचो, रमजानच्या पहिल्या आठवड्यात आजारी पडली. ताप, मग धाप. पाच दिवस ती घरातच राहिली. गल्लीतले एक युनानी डॉक्टर होते, त्यांनी दवाखाना बंद केला नव्हता. त्यांनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं, हिला हलवा. आपानं ऐकलं नाही. सहाव्या दिवशी नेली, आठव्या दिवशी गेली. मालेगावच्या सीमा बंद होत्या. बायकोला नाशिकहून जाता आलं नाही. तिनं बहिणीचा दफनविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, तोही अर्धाच, मध्येच संपर्क तुटला.

तीन दिवसांनी आपाच्या थोरल्या मुलाचा फोन आला. तो भांडायला आला नव्हता, रडत होता. बोलता बोलता म्हणाला, "खालू, हम बोले अम्मी चलो. अम्मी बोली, खालूने भेजा है, पढे-लिखे आदमी हैं, झूट थोडे भेजेंगे."

उशिरा नेली म्हणून ती गेली की तशीही जाणारच होती, हे मला कुणी डॉक्टर सांगू शकला नाही. मी दोघांना विचारलं. दोघांनीही खांदे उडवले आणि मला धीर दिला. तो धीर मला नको होता.

वर्षभर मी गप्प बसलो. त्या वर्षात जुनी पुस्तकं काढली आणि प्लेगविषयी वाचू लागलो, ते इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. माझ्यासारखं कुणी सापडतं का, ते बघत होतो. सापडला तो माणूस एवढा मोठा होता की त्याच्याशी आपली तुलना करायचीही लाज वाटावी.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं येत होती. प्लेगच्या तपासणीत सोजीर काय धुमाकूळ घालतात, त्याच्या हकिकती त्यांत होत्या. एका हकिकतीत म्हटलं होतं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीनं नंतर जीव दिला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. रँडवर २२ जूनला गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, वातावरण पेटलेलं होतं. विलायतेत गदारोळ उठला. सरकारनं पुरावा मागितला. गोखले मायदेशी परतले, शोध घेतला, पण आरोप सिद्ध होईल असं काही हाती लागेना. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली, गव्हर्नरची आणि सैनिकांचीही.

पुण्यात त्यावरून त्यांची किती नाचक्की झाली, ते गोखल्यांची चरित्रं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. डरपोक म्हटलं गेलं, टोमणे पुष्कळ वर्षं पुरले. घरांत शिरणाऱ्या सोजिरांचा जाच तर खराच होता. त्याविषयी तक्रारींचा ढीग होता. म्हणजे इथंही खऱ्याची गाठ होतीच. पण जी गोष्ट सिद्ध करता येईना, ती आपल्या तोंडून गेली, एवढ्यासाठी या माणसानं मान खाली घातली. 'मला तसं कळवण्यात आलं होतं' म्हणून ते सुटू शकले असते. आणि त्यानंतर प्लेगची पुढची फेरी आली तेव्हा ते पुण्यात स्वयंसेवकांबरोबर प्लेगच्या कामाला उभे राहिले. मला माफीपेक्षाही हे दुसरं जास्त टोचलं.

२०२१ चा एप्रिल-मे आला. दुसरी लाट. तेव्हा याच मोबाइलवरून प्राणवायूचे सिलिंडर सापडले, खाटा सापडल्या, रक्तद्रव देणारे सापडले. माझ्या एका कवी मित्रासाठी रात्री अकराला निरोप टाकला आणि बाराच्या आत कुणा अनोळखी मुलीनं खाट मिळवून दिली. ती कोण, हे मला आजही ठाऊक नाही. त्यामुळे मोबाइलला शिव्या घालणाऱ्यांत मी सामील होऊ शकत नाही. त्यांचं म्हणणं ऐकलं की वाटतं, १८९६ ला हे लोक रेल्वेला शिव्या घालत बसले असते.

जूनमध्ये नाशिकच्याच एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे आणि नाणी चिकटतात, अशी चित्रफीत फिरली. लशीत लोहचुंबक आहे म्हणे! अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजावलं, की घामट, ओलसर कातडीला नाणी चिकटतात, लस न घेतलेल्यालाही चिकटतात. मी आरशासमोर उभा राहून करून पाहिलं, दोन रुपयांचं नाणं खरोखर चिकटलं. ती चित्रफीत मला आपाच्या मुलानं पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'खालू, ये सच है क्या?'

त्याचा प्रश्न सरळ होता. पण मला तो चटका लावून गेला, कारण विचारलं मला होतं. त्या रात्री मी सासरच्या ग्रुपवर सात-आठ ओळी लिहिल्या. गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर मी जो आवाजी निरोप पाठवला तो खोटा होता, मी खात्री न करता पाठवला, आपानं माझ्यावर भरवसा ठेवला, मला माफ करा, लस घ्या, ताप आला तर घरी थांबू नका. अठ्ठावीस माणसांच्या ग्रुपवर दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी शांतता. माझ्या खोट्या निरोपाला सतरा जणांनी उत्तर दिलं होतं, मी मागं जाऊन मोजलं.

जुलैमध्ये लशीची माझी दुसरी मात्रा होती. ती मी मालेगावला जाऊन, आपाच्या मुलाच्या समोर घ्यायचं ठरवलं. यातही नवीन काही नाही. वाल्डेमार हाफकिन या रशियातून आलेल्या ज्यू शास्त्रज्ञानं मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक बिचकत होते तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली, आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. तरी लशीचा रस्ता सोपा नव्हता. १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिनवर आला. चूक त्याच्या प्रयोगशाळेची नव्हती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ साली. त्या एकोणीस माणसांची बातमी आणि हाफकिन निर्दोष असल्याची बातमी, यांत जास्त लांब कुठली पोचली असेल, ते सांगायला नको.

हे सगळं मी केंद्राच्या बाकावर बसून भाच्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आगाखान बडे लोग थे, खालू." केंद्रावर गर्दी नव्हती. नाशिकला लशीसाठी पहाटे रांगा लागत होत्या आणि इथं परिचारिका माश्या मारत होत्या. मी दंड पुढं केला, त्यानं पाहिलं. त्यानं घेतली नाही. मीही आग्रह केला नाही. आग्रह करायचा हक्क मी गमावला होता, असं मला वाटलं. चहा घेऊन मी परतलो.

पुढं नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्री जाहीरपणे म्हणाले की मुस्लिमबहुल भागांत लस घ्यायला लोक कचरतात, तर सलमान खानला आवाहन करायला लावू. मला हसू आलं. सलमानचं ऐकून लोक शर्ट काढतील, दंड पुढं करतील की नाही ते सांगता येत नाही. भाच्यानं लस घेतली होती ती त्याच्या आधीच, सप्टेंबरात. घ्यायला लावली ती गल्लीतल्या त्या युनानी डॉक्टरांनी, ज्यांनी एप्रिल २०२० मध्ये दवाखाना बंद केला नव्हता. ते त्याला फक्त एवढंच म्हणाले, "चल, मेरे साथ आ." मागाच्या कारखान्यातली आणखी चार-पाच पोरंही त्यांच्या मागून गेली. हे मला भाच्यानंच सांगितलं. माझ्या माफीच्या त्या ओळी त्यानं कारखान्याच्या ग्रुपवर टाकल्या होत्या, हेही त्यानंच सांगितलं. मला बरं वाटलं.

त्या ओळी मला पुन्हा दिसल्या त्या पुढच्या जानेवारीत, तिसऱ्या लाटेच्या वेळी. सोलापूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पाठवल्या, वर दोन बाणांची खूण. माझं नाव गळून गेलं होतं. आपाही गळून गेली होती. 'ताप आला तर घरी थांबू नका' एवढं शिल्लक होतं, आणि त्याखाली कुणीतरी भर घातली होती, 'रोज सकाळी निरश्या पोटी कलौंजीचे सात दाणे खा, करोना जवळ येणार नाही.'